मिठाचे डोळे

कोल्चानीत आम्ही मीठ भरतो.
अर्ध्या किलोची पिशवी, तोंड दुमडायचं,
गॅसच्या ज्योतीवरून एकदाच फिरवायचं, बंद.
माझ्या बोटांचे ठसे आता शाईतही उमटत नाहीत.
हे पोलिसांनीच सांगितलं, मार्चमध्ये,
माझा अंगठा तिसऱ्यांदा कागदावर दाबताना.

एलिओदोरो मालकाच्या गाड्या आणायचा,
चिलीहून, कागदपत्रांशिवाय, दिवे विझवून.
मिठावर रस्ता नसतो. तुनूपाचा डोंगर असतो,
त्याच्या डाव्या खांद्यावर एक तारा, बस.
त्या रात्री सीटखाली एक पोतं होतं,
लहानमोठ्या नोटांचं.
ते त्यानं पोचवलं नाही.
का, म्हणून सगळे मलाच विचारतात.
सात वर्षं पोचवत होता
तेव्हा कुणी विचारलं नाही.

मालक आला. दारात उभा राहिला.
माझ्याच ढिगातला खडा जिभेवर ठेवून म्हणाला,
"खाल्ल्या मिठाला जागला नाही तुझा नवरा."
मीठ आमचं होतं, मालक.
तुम्ही फक्त विकत होता.
(हे मी मनात म्हटलं. दारात चारजण होते.)

मागावर धाडलं कुणाला, तर फिदेन्सिओला.
यानंच त्याला क्लच सोडायला शिकवलं होतं,
आमच्या पोराचा बाप्तिस्मा झाला तेव्हा
पोर याच्याच हातांत होतं, किंचाळत.

फेब्रुवारी. मिठावर बोटभर पाणी.
अशा रात्री आकाश खालीही पसरलेलं असतं
आणि मागचे दोन दिवे चार दिसतात.
चार दिवे. एक तास. दोन तास.
जवळ येत नाहीत, लांब जात नाहीत.
तिथे अंतर कळतच नाही,
बुटाचा डोंगर होतो, डोंगराचा बूट.
त्याला वाटलं असेल, दमले.
त्याला वाटलं असेल, आलेच.

मग पुढचं चाक गेलं.

मिठाला डोळे असतात. खालून गार पाणी बुडबुडतं,
वर पातळ पापणी मिटलेली.
दिवसा निळे दिसतात, रात्री फक्त सापडतात.
पोतं खांद्यावर टाकून तो उतरला असेल,
डावा पाय जरा ओढत, तो नेहमीच ओढतो.
हे 'असेल' माझं. मी तिथे नव्हते.

चौथ्या दिवशी सापडलं ते असं:
त्याची गाडी, नाक खुपसलेली.
फिदेन्सिओची गाडी साडेतीन किलोमीटरवर,
तीही एका डोळ्यात.
म्हणजे रात्रभर दोघं जागचे हलले नव्हते
आणि दोघांनाही वाटत होतं, पाठलाग चालूय.

एकाकडे पैसे. एकाकडे पिण्याच्या पाण्याचा कॅन
आणि पिस्तूल.
भोवती क्षितिजापर्यंत पाणी, घोटही न पिण्याजोगं.

मधोमध एक स्टेपनी होती, आडवी.
कुणीतरी ती तिथवर गडगडत नेली होती.
तिच्या पोकळीत कोकाच्या पानांचा चोथा,
दोन ठिकाणी थुंकलेला.
म्हणजे बसले.
म्हणजे बराच वेळ बसले.
रक्त नाही, पुंगळी नाही, पोतं नाही, माणसं नाहीत.
कोरड्या मिठावर पाऊल उमटतं,
पाण्याखाली मीठ सगळं विसरतं.

जूनमध्ये उयुनीच्या गुरुवारच्या बाजारात
चुन्यो विकणाऱ्या बाईनं मला सुट्टे दिले.
त्यात वीसची एक नोट, पापडासारखी कडक,
घडीत पांढरी रेघ.
मी जीभ लावली. ती बाई बघत राहिली.

कुणी दिली?
एका माणसानं. टोपी डोळ्यांवर होती.
किती बटाटे घेतले?
तिनं मागच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
एकाला पुरतील एवढे.

आणखी एक विचारायचं होतं,
कोणता पाय ओढत होता का, ते.
पण रांग लागली होती.
मी माझे बटाटे उचलले.